भांडणाची चाहूल

रिकाम्या बादलीत नळ खाकरला.

तेवढा एक आवाज झाला आणि घरातली शांतता किती जाड होती ते मृदुलाला कळलं. ती पडल्या पडल्या ऐकत राहिली. आधी नुसती हवा, मग गढूळ पाण्याची एक चूळ, मग धार. गडहिंग्लजमध्ये बसगाड्या विजेवर धावायला लागून जमाना झाला होता, पण पाणी अजून स्वतःच्या लहरीनंच यायचं, आणि म्हणून बायका अजूनही नळ सोडून, त्याखाली बादली ठेवून झोपायच्या. आवाज झाला की उठायचं. मृदुलाला सकाळी उठवणारं दुसरं कुणी घरात नव्हतंही. रणजित पुण्याला नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा, तेव्हाही कानात यंत्र घालून बाल्कनीतच असायचा.

ती स्वयंपाकघरात आली तर मिहिका ओट्याजवळ ताठ उभी. केस पिंजारलेले, पाय जोडलेले, हात मागे.

"काल मी भागाकार संपवले," मिहिका म्हणाली. "आज मी नदीचा नकाशा सुरू करणार."

मृदुला बादली सरकवून घागर लावत होती. "आधी दात घास."

"आई, तिसरं राहिलं."

तिसरं म्हणजे तिसरा प्रश्न. शाळेत रोज सकाळी मुलं गोल करून उभी राहायची आणि प्रत्येकजण तीन गोष्टी सांगायचा. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. उभ्यानंच, म्हणजे कुणी लांबण लावत नाही. डोक्यातल्या उवा घरी याव्यात तशी ही सवयही पोरांबरोबर घराघरांत आली होती.

"बरं बाई. कुठं अडलंय?"

"झोया चाललीय. तिच्या अब्बांची नांदेडच्या आगारात बदली झाली. ही फेरी संपली की जाणार."

मृदुलानं नळ जरा बारीक केला. "तिनं सांगितलं तुला?"

"श्रीतेजनं सांगितलं. उभ्या सभेत. तो म्हणाला, आमच्या गटाला अडथळा आहे, एक माणूस कमी होणार." मिहिकानं पायाचा अंगठा फरशीवर घासला. "मला या फेरीत तिच्या गटात ठेव."

"गट मी कुठं लावते, सोन्या? जुळवणी लावते."

"मग मी मॅडमना विचारीन."

"मॅडम मीच की."

"तू आत्ता आई आहेस," मिहिका म्हणाली. "तुला विचारून काय उपयोग."

मृदुलाला हसू आलं. हसून झाल्यावर बघितलं तर पोरगी हसत नव्हती.

*

जुळवणी शाळेत आली त्याला तीन वर्षं झाली होती. त्याआधी काम करायची पद्धत आली, आणि पद्धतीच्या मागून यंत्र.

पद्धत मूळची संगणकवाल्यांची. रणजित लग्नानंतरच्या नव्या नवलाईत तिला रंगवून सांगायचा. पूर्वी म्हणे ते लोक भलेमोठे आराखडे करायचे, वर्षभर राबायचे आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणायचं, हे नव्हतं मागितलं. मग त्यांनी कामाचे बारके तुकडे केले. चार-पाच जणांचा गट, दोन आठवड्यांची फेरी, एक फळा. फळ्यावर तीन रकाने: करायचंय, चाललंय, झालं. प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड आणि प्रत्येक कार्डाला एकच धनी. "दोघांकडं दिलेलं काम कुणाकडंच नसतं," रणजित म्हणायचा. फेरी संपली की सगळ्यांनी बसून मागोवा घ्यायचा, काय जमलं, काय अडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. साहेब कुणी नाही. एक सूत्रधार असतो, त्यानं शिकवायचं नाही, हुकूम सोडायचा नाही, फक्त वाटेतले अडथळे काढायचे.

हीच पद्धत चौथीच्या वर्गात आली तेव्हा मृदुला खुश झाली होती. खरंच झाली होती. जी पोरं फळ्याकडं बघून जांभया द्यायची ती हिरण्यकेशीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणायला लागली, बाजारात जाऊन गुळाच्या ढेपेचं वजन आणि घेर मोजायला लागली. फक्त गटांत भांडणं फार व्हायची. चार पोरं आली की चार मतं आली.

त्यावर जुळवणी हा इलाज होता. प्रत्येक मुलाच्या गळ्याशी बोराएवढा एक बिल्ला. तो शब्द ऐकत नसे, साठवत तर मुळीच नसे. तो फक्त बोलण्याची चाल ऐकायचा. कोण बोललं, किती वेळ, एकाचं संपल्यावर दुसऱ्यानं किती थांबून सुरू केलं, आवाज चढला की उतरला. दोन माणसं मनापासून एका कामाला लागली की त्यांच्या आवाजाच्या पट्ट्या नकळत जवळ सरकतात आणि मधले थांबे सारखे होतात, पेटीवाला आणि तबलजी एकमेकांना धरून चालावेत तसे. भांडण व्हायचं असलं की उलटं. पट्ट्या फाकतात, थांबे आखडतात, प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं. भांडणाऱ्यांना स्वतःला पत्ता लागायच्या कितीतरी आधी हे सुरू झालेलं असतं. जेवणाच्या सुट्टीतल्या मारामारीचं बी सकाळच्या प्रार्थनेनंतरच्या गप्पांत सापडतं. याला 'चाहूल' म्हणायचे.

चाहूल लागली की दोघांपैकी एकाचा बिल्ला नारिंगी व्हायचा. मग ते मूल वही-पेन्सिल उचलून दुसऱ्या गटात जायचं आणि तिथलं एक इकडं यायचं. कुणी रागवायचं नाही, कुणी कारण विचारायचं नाही. रांगेत पुढं सरकावं तितकं साधं.

मृदुलाच्या वर्गात आता भांडण होत नव्हतं. कुणी कुणाची तक्रार घेऊन तिच्या टेबलापाशी येत नव्हतं. 'बाई, हा बघा ना' म्हणून पदराला, ओढणीला कुणी ओढत नव्हतं. ती खुर्चीत बसून पाटीच्या पडद्यावर गटांच्या रेषा बघायची. कधी उगीचच उठून एखाद्या गटापाशी जायची आणि विचारायची, "कुठं अडलंय का रे?" पोरं वर बघून गोड हसायची. "नाही मॅडम. असलं तर सांगू." मग ती परत येऊन बसायची.

मिहिकाच्या गेल्या वाढदिवसाला तिनं विचारलं होतं, "कुणाकुणाला बोलवायचं?" मिहिकानं बराच विचार केला. "आत्ता माझ्या गटात आहेत त्यांना," ती म्हणाली, "पण वाढदिवसापर्यंत गट बदलला असेल." शेवटी दोघींनीच केक कापला. रणजित पडद्यावर होता. झोया मात्र न बोलवता आली, तिच्या आईनं, नसीमनं दिलेली शिरखुर्म्याची वाटी घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाली, "ए शाणे, माझ्याशिवाय कापलास व्हय?" त्या संध्याकाळी दोघी बाहुल्यांच्या घरावरून अशा भांडल्या की खालचे काका वर आले. वर्षातला तेवढा एक दिवस घरात आवाज होता.

*

"बसा की मॅडम," पाटणे सर म्हणाले. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात फुटबॉलचे चषक दाटीनं उभे होते. सर स्वतः जुने गोलकीपर. त्यांचा एक गुडघा अजून वाकत नसे. शाळा बंद पडायच्या यादीत होती तेव्हा जुळवणी त्यांनी पायपीट करून आणली होती.

मृदुलानं मागणं सांगितलं. सरांनी पाटी पुढं ओढली, दोन नावं एकत्र ठेवली आणि पडदा तिच्याकडं वळवला. मिहिका चौगुले, झोया मुल्लाणी. रेषा करवतीच्या दात्यांसारखी होती.

"ह्या दोघींना एकत्र ठेवलं की चाहूल लागतीच लागती. प्रत्येक वेळी. सगळ्या वर्गात अशी दुसरी जोडी नाही."

"मला माहितीये सर."

"मग?"

"भांडतील. भांडू देत की. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुम्ही या शाळेत यायच्या आधीची गोष्ट. खोडरबरावरून दोन पोरं भांडली. साधं खोडरबर. एकानं कर्कटक मारलं. दुसऱ्याचा डोळा गेला. मी वर्गाच्या दारात उभा होतो, चार पावलांवर. अख्खं आयुष्य गोल अडवण्यात गेलं माझं, आणि तेवढं अडवता आलं नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तो पोरगा आता आजऱ्याला दुकान चालवतो. दिसला की नमस्कार करतो मला. एवढ्यासाठी मी हे आणलंय. लोकांना वाटतं, शाळा वाचवायला आणलं."

उठावं म्हणून मृदुलानं पर्स खांद्याला लावली.

"अदलाबदल थांबवायचं 'रोखा'चं बटण तुमच्याकडं आहेच," सर खिडकीतून मैदानाकडं बघत म्हणाले. "सूत्रधाराला अधिकार आहे तो. कारण लिहावं लागतं. मी काही रोज कारणं वाचत बसत नाही."

संध्याकाळी रणजितचा फोन आला. पोळ्या लाटता लाटता तिनं तो ओट्यावर टेकवून ठेवला.

"काय चाललंय? सगळं नीट?"

"नीट."

"काही अडलंय का?"

तिच्या मनात आलं, सांगावं. झोयाचं सांगावं, करवतीसारख्या रेषेचं सांगावं, आणि त्या ओघात आणखीही काही निघालं तर निघू द्यावं. पण त्याच्या मागून कुणीतरी त्याला हाक मारत होतं आणि तव्यावरची पोळी करपायला आली होती.

"नाही," ती म्हणाली. "कुठं काही नाही."

*

दुसऱ्या दिवशी तिनं दोघींना एका गटात घातलं, कारणाच्या चौकटीत 'निरीक्षण' असं लिहिलं आणि बटण दाबलं. बिल्ले हिरवेच राहिले.

गटाला हिरण्यकेशीचं मातीचं चित्र करायचं होतं, उगमापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत. मोठ्या फळीवर डोंगर, गावं, पूल, आणि मधून नदी. गटात दोघींशिवाय श्रीतेज होता आणि वेदांग होता. वेदांग म्हणजे शहाण्या पोरांतला शहाणा. खोकला तरी आधी सांगून खोकायचा.

पहिले काही दिवस मृदुलानं नुसतं ऐकलं. वर्गाच्या एका कोपऱ्यातून आवाज येत होता. बाकीच्या गटांचं बोलणं कसं, वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसं, एक झाली की दुसरी. या कोपऱ्यात मात्र दोन बोलणी एकमेकांवर चढायची, मधेच खिदळणं, मधेच "गप की गं", मधेच काहीतरी पडल्याचा आवाज. झोया सगळ्यांच्या नकला करायची. पाटणे सरांचा न वाकणारा गुडघा करून दाखवताना ती डोंगरावरच पडली आणि मिहिका इतकी हसली की तिला उचकी लागली. वेदांगनं घड्याळाकडं बघितलं. मृदुलानं मान खाली घातली, कारण ती स्वतःही हसत होती.

घरी मिहिका बोलत सुटायची. "झोया म्हणते नांदेडला नदी एवढी मोठी आहे की पलीकडचं दिसत नाही. खोटं बोलते. मी म्हटलं, बघितलीस का तू? म्हणते, बघेन ना आता." थोड्या वेळानं परत, "आई, पाणी कधी येणार? मला तिची बाटली धुवायचीय. तिची माझ्याकडं राहिली."

भांडण झालं ते नदीच्या रंगावरून.

मिहिकानं निळा रंग कालवला होता. झोया म्हणाली, "आपली नदी निळी कुठं आहे? मातकट आहे. बघ जाऊन पुलावरून."

"नकाशात नदी निळीच असते."

"नकाशा खोटा असतो मग."

"तुला काय कळतंय नकाशातलं?"

मृदुलाच्या पाटीवर रेषा फाकायला लागली. तिनं बोट 'रोखा'वर टेकवून ठेवलं. पडदा विचारत होता: अदलाबदल करायची? तिनं उत्तर दिलं नाही.

"सगळी मिळून ठरवू या का?" वेदांग म्हणाला.

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या, आणि क्षणभर असं वाटलं की त्या आता हसतील.

हसल्या नाहीत. झोयानं हातातला कुंचला खाली ठेवला. "कर निळी. मी काय, चाललेच आहे. तुझं तू बस निळं करत."

"जा मग. आत्ताच जा."

"जाणारच. मला तुझ्या गटात यायचंच नव्हतं. तुझी आई मॅडम आहे म्हणून मला इकडं घातलं. सगळ्यांना माहितीये."

मिहिकाचा चेहरा पांढरा पडला. तिनं निळ्या रंगाची वाटी उचलली आणि झोयानं खपून रचलेल्या बंधाऱ्यावर, बारक्या बारक्या खड्यांनी रचलेल्या त्या बंधाऱ्यावर, ओतली. झोयानं तिची वेणी धरली. मिहिका ओरडली. श्रीतेज घाबरून टेबलाखाली गेला. त्यानं उभ्या आयुष्यात भांडण बघितलं नव्हतं.

मृदुला उठून उभी राहिली आणि तिथंच थांबली. कर्कटकाच्या पेट्या तिनं सकाळीच कपाटात ठेवल्या होत्या. ती जवळ होती, हाताच्या अंतरावर होती. वेणी सुटली. दोघी धापा टाकत समोरासमोर उभ्या होत्या, गाल रंगानं बरबटलेले.

होऊ दे, मृदुला मनात म्हणाली. आता कट्टी होईल. तिच्या लहानपणी कागलला असंच असायचं. करंगळी दाखवली की कट्टी, मग वर्गात पाठ फिरवून बसायचं, घरी जाताना एकीनं रस्त्याच्या या कडेनं, दुसरीनं त्या कडेनं, पण पावलं बरोबरीनं टाकत. बट्टी कुणी करायची नसते, ती होते. रिकामा वेळ पाहिजे फक्त, आणि तोच एक रस्ता.

तिच्या लक्षात आलं नाही की त्या दिवशी फेरीचा शेवट होता. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच मागोवा होता.

*

मुलं गोल करून उभी राहिली. चेहरे धुतलेले, केस सारखे केलेले. मागोव्यात सूत्रधारानं बोलायचं नसतं, म्हणून मृदुला गोलाच्या बाहेर.

"या फेरीत काय जमलं?" वेदांगनं विचारलं. डोंगर जमले. पूल जमला. "काय अडलं?"

मग श्रीतेज म्हणाला, "भांडण."

"बरोबर," वेदांग म्हणाला. त्यानं एक पिवळं कार्ड घेतलं, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: मिहिका आणि झोया यांचं भांडण. ते त्यानं 'करायचंय'मध्ये लावलं. "हे कुणाकडं आहे?"

"आमच्याकडं," मिहिका म्हणाली.

"दोघींकडं नाही ठेवता येत. एकाकडं लागतं."

मिहिकानं झोयाकडं बघितलं. झोया फळ्याकडं बघत होती.

"मग मी घेतो," वेदांग म्हणाला. त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. मदतच करत होता तो. कार्डावर त्यानं आपलं नाव लिहिलं आणि कार्ड 'चाललंय'मध्ये सरकवलं. "उपाय सुचवा."

उपाय भराभर आले. नदी अर्धी निळी, अर्धी मातकट करावी. बंधारा श्रीतेजनं परत बांधावा. दोघींना उरलेला वेळ वेगळ्या गटात बसवावं. आवाज कुणी चढवला नाही. एकाचं संपलं की दुसरा तेवढाच थांबून बोलत होता.

"अरे, थांबा जरा," मृदुलाच्या तोंडून निघून गेलं. "त्यांचं त्यांना मिटवू दे की. लगेच कशाला?"

सगळ्या मुलांनी मागं वळून बघितलं. समजूतदारपणे, तिचं बोलणं पुरतं संपायची वाट बघत. मग वेदांगनं नवं कार्ड उचललं. "मॅडम, तुमचा मुद्दा लिहू का? पुढच्या फेरीत घेऊ."

मृदुलाच्या हातात पाटी होती. 'रोखा'चा दिवा अजून जळत होता. जुळवणी फेरीभर बंदच होती. कुणीही काही बदलत नव्हतं, कुणीही मुलांना हलवत नव्हतं. तिला दुसरं कुठलं बटण दाबावं ते कळेना.

"मिहिका, मान्य?" वेदांगनं विचारलं.

मिहिका घरी असती तर फतकल मारून रडली असती. पण गोल उभा होता, सगळे वाट बघत होते, आणि नीट उत्तर कसं द्यायचं ते तिला येत होतं.

"मान्य."

"झोया?"

"मान्य."

वेदांगनं कार्ड 'झालं'मध्ये लावलं. मुलांनी रिवाजाप्रमाणे एकदा टाळी वाजवली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झोयाच्या घरासमोर टेम्पो उभा होता. गाद्यांच्या वळकट्या, शिलाई मशीन, तुळशीएवढ्याच मायेनं वाढवलेली कोरफडीची कुंडी. नसीम दारातच भेटली, कपाळावर घामानं केस चिकटलेले.

"आलात व्हय वहिनी, बरं झालं. ही पोरगी सकाळपासून एका जागी बसलीय. ना रडायलीय ना बोलायलीय. मी म्हटलं, मिहिका आली की बोलेल."

मृदुलानं मिहिकाच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं. रस्ताभर तिनं मनात ठरवलं होतं, काहीही होऊ दे, परत वेण्या ओढल्या तरी चालतील, आपण मधे पडायचं नाही. पाण्याची बाटली मिहिकाच्या हातात होती.

झोया आतून आली. नवा फ्रॉक, डोळ्यांत सुरमा. दोघी एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

"तुझी बाटली," मिहिका म्हणाली.

झोयानं ती घेतली. मग खांदे सरळ केले. "मिहिका, तुझ्याबरोबर काम करून मला छान वाटलं. डोंगर तुझ्यामुळं चांगले झाले."

"मलाही छान वाटलं," मिहिका म्हणाली. "पूल तुझ्यामुळं."

"नांदेडच्या शाळेतपण बिल्ले आहेत."

"हो का. चांगलं आहे."

एवढंच. झोया वळून टेम्पोच्या फळीवर चढून बसली, अब्बांच्या शेजारी. नसीमनं ओढणीनं डोळे टिपले.

"बघा वहिनी, किती शाण्या झाल्यात. माझ्या लग्नानंतर मैत्रीण सोडून निघताना मी तिच्या गळ्यातनं सुटेना. बाप्यांनी ओढून काढलं आम्हाला. आणि ह्या बघा."

"हो," मृदुला म्हणाली. तिनं नसीमचा हात हातात घेतला आणि दाबून धरला. सामानानं तो खरखरीत झाला होता. नसीमनंही सोडायला उशीर केला.

टेम्पो निघाला. कोपऱ्यावर वळेपर्यंत झोयानं मागं बघितलं नाही. वळताना बघितलं असेल तर ते गाद्यांच्या आड दिसलं नाही.

मायलेकी चालत निघाल्या. बाजार उठत होता. गुळाच्या अड्ड्यावरून गोड, जड वास येत होता. मिहिका हाताला धरून चालत नव्हती. ती मृदुलाच्या बरोबरीनं, रस्त्याच्या कडेनं चालत होती आणि मधून मधून पलीकडच्या कडेकडं बघत होती. तिथं कुणी नव्हतं. एक माणूस शटर ओढत होता.

"सोन्या," मृदुला म्हणाली, "रड की. मी आत्ता मॅडम नाहीये."

"मला रडू नाही येत आहे."

"रात्री त्यांना फोन लावू आपण. पोचल्या का विचारू."

"काय बोलायचं?"

"काहीही. तिला म्हण, नदी मातकटच होती."

मिहिका चालत राहिली. पुलापाशी आल्यावर ती आपण होऊन थांबली आणि कठड्याच्या गजांतून खाली बघायला लागली. हिरण्यकेशी संथ वाहत होती. उजेड उतरला होता आणि पाण्याला नक्की कुठला रंग होता ते सांगता येत नव्हतं.

"आई."

"हं."

"वेदांगनं ते संपवलं. त्याच्या नावावर होतं म्हणून त्यानं संपवलं." तिनं गज दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. "पण आमचं संपलं नव्हतं. तिला अजून बोलायचं होतं, मलापण बोलायचं होतं. मग ते भांडण आता कुणाकडं आहे?"